आनंदराजची जर्सी

वस्तू जपावी तर मी! भोकरच्या शाळेत मी खेळाचा मास्तर. बॅट, बॉल, जाळी सगळं माझ्या ताब्यात, आणि आजवर साधी शिट्टी हरवली न्हाई. म्हणून तर माझ्या मेव्हण्यानं, आनंदराजनं, अमेरिकेतून आणलेली ती जुनी जर्सी माझ्याकडं ठेवली. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तिकडच्या एका नामी पिचरनं ती सामन्यात घातलेली. पाठीवर चौतीसचा आकडा, बाहीवर मैदानाची माती अजून तशीच. ती मिळवायला आनंदराजनं कैक वर्षं जिवाचं रान केलेलं. "दाजी, धुवू नका, घडीसुद्धा मोडू नका," एवढं बजावून तो लातूरला पाहुण्यांकडं गेला.

मी जर्सी लोखंडी पेटीत ठेवली आणि येईल त्याला काढून दाखवत सुटलो. घरात लई वर्दळ. बायको मनिषा बाळंतीण, पोरगं नुकतंच झालेलं. माझी आई, कस्तुराबाई, एकदा विचारायला लागली, ही कोणाची रे? मोठ्या माणसाची का? मी म्हणालो, लई मोठ्या. हाय का आता? हाय ना, नव्वदीला आलाय, अजून काठी लागत न्हाई! आईनं मान डोलावली. शेवटी आईलाही खेळाची गोडी लागली, असं मला वाटलं. माणूस किती खुळा असावा!

आज शाळेतून आलो तर पेटी उघडी. जर्सी गायब. आई म्हणाली, धुतली, कढत पाण्यात. तरी धुतल्याचं काहीतरी सांगता येईल म्हणून परसात दोरीकडं धावलो. दोरीवर लंगोट आणि एक टोपडं वाळत होतं. टोपड्यावर तीनचा आकडा, शेजारच्या लंगोटावर चारचा.

"आई, काय करून ठेवलंस हे?"

"पाचवीच्या आधी पोराला नवं कापड घालत असतेत का? जुनं पाहिजे, मऊ पाहिजे, पिकल्या माणसाच्या अंगावरचं पाहिजे. तूच म्हणलास ना, नव्वदीचा हाय. वरून मामाकडचं. असं कापड शोधून सापडत न्हाई."

यात चूक कुठं काढायची? मनिषाला विचारलं, तर ती म्हणाली, मला वाटलं तुम्हीच काढून दिली.

तेवढ्यात आनंदराज आला. हातपाय धुतले, भाच्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या अंगातल्या झबल्याला लावलेल्या जर्सीच्या बटणांकडं बघत बसला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं सगळं सांगितलं. तो बाळाच्या पाठीवरची शिलाई बोटानं चाचपत राहिला.

आईला त्याची दया आली. जवळ बसून तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको लेकरा. दोन-तीन महिन्यांत पोराचं अंग भरंल, झबलं आखूड होईल. मग धुऊन तुलाच देते, घेऊन जा."

आनंदराज आज इथंच मुक्कामाला आहे. मी आपलं अंथरूण बाहेर ओट्यावर टाकलंय.