शिरूरच्या पेटीचं बटन

मुज्तबाच्या हातात पाना-पक्कड कुणी पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं आणि बक्षीस घेऊन जावं! नांदेडच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसून लातूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या इंटरनेटच्या पेट्या सांभाळायच्या, हे त्याचं काम.

"दोन वर्षांत एकदाबी माणूस पाठवला न्हाई! इथून कमांड मारली की पेटी मुकाट उठून बसते!" हे तो चहावाल्यालासुद्धा ऐकवायचा. याच जोरावर सोमवारी त्याला केंद्रप्रमुख करायचं साहेबांनी जवळजवळ ठरवलं होतं.

एकच पेटी नतद्रष्ट निघाली. शिरूर अनंतपाळची! ती शेषेराव नावाच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर टांगलेली. आठवड्यातून एकदा हमखास बंद पडायची, आणि शेषेरावांच्या पत्नी कस्तुराबाई फोन करायच्या.

"साहेब, लाल दिवा लागलाय. बटन दाबून बघू का?"

"खबरदार! बटनाला हात लावायचा न्हाई, मावशी! मग मी इथं कशाला बसलो?"

"बरं बाबा," म्हणून मावशी फोन कानाला धरून उभ्या राहायच्या. मुज्तबा खटाखट कमांड मारायचा. दहा मिनिटांत पेटी चालू!

गुरुवारी सकाळी त्यानं या पेटीचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. सेटिंग बदलली, ऐटीत एंटर मारलं आणि स्क्रीन ढिम्म! नांदेडहून ज्या वाटेनं तो पेटीत शिरायचा, तीच वाट त्यानं बंद करून टाकली होती. अख्ख्या शिरूरचं इंटरनेट गेलं ते वेगळंच.

शेजारच्या टेबलावरची लुबना म्हणाली, "भाई, मावशींना फोन करा. बंद करून चालू केली की जुनी सेटिंग परत येते. तुम्ही सेव्ह कुठं केलंय?"

"मी सांगू? बटन दाबायला? दोन वर्षं त्यांना बटनावरूनच झापून राहिलो मी!"

माणूस पाठवावा तर सोमवारचं पद जातं. शेवटी खालाची तब्येत बिघडल्याचं सांगून त्यानं रजा टाकली आणि एसटी पकडली. वाटभर तो धुमसत होता. पेटी बनवणाऱ्यावर, रस्त्यावर, खिडकी न लावणाऱ्या शेजाऱ्यावर! मावशींचे चार फोन आले. एकही उचलला नाही. काय सांगणार, कपाळ?

अहमदपूरला गाडी बदलताना लुबनाचा फोन आला. "भाई, शिरूर चालू झालं!"

"कुणी केलं?"

"काय की! या परत."

परत? आता तर त्याचं डोकंच फिरलं. त्याला न विचारता पेटी चालू होतेच कशी? काही शिस्त हाय का न्हाई?

दुपारी तो घामाघूम होऊन ओसरीवर चढला. पेटीवर हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता.

"कुणी हात लावला हिला?"

कस्तुराबाईंनी पदर सावरला. "रागावू नका, साहेब. मीच. बंद केली, शंभर मोजले, चालू केली. शेतातली मोटर अडली की आमचे हे असंच करत्यात."

"मी न्हाई म्हणलं होतं ना?"

"म्हणून तर कधी सांगितलं न्हाई."

"कधी? म्हणजे आधीबी केलंय?"

"दर खेपेला की! तुम्ही तिकडं एवढं खटाखट करून राहता, तुमचा हिरमोड कशाला करायचा?"

मुज्तबा मटकन खाटेवर बसला. संताप अजून होता, पण काढायचा कुणावर हेच कळेना. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घटाघटा पाणी प्यायला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "मावशी, हात जोडतो. हे कुणाला सांगू नका. सोमवारपर्यंत तरी."

"मी कशाला सांगते? पण आज तुम्ही फोन उचलंना, म्हणून हापिसात लावला. त्या लुबनाताई हसल्या अन् म्हणल्या, 'मावशी, दाबा नेहमीसारखं!'"