अंबूबाईसाहेबांच्या बोटाचे दही

श्री चुलीवरील अग्नीस आणि दुभत्या गाईस नमन करोन लिहिले जाते ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, पौष मासी, राज्यात वार्ता आली की पाठशाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार आणि चौथीतील राजकन्या रेवतीबाई यांस प्रयोग मांडणे आहे. ते समयी मातोश्री अंबूबाईसाहेब राज्य करीत होत्या. अक्षरओळख सहीपुरती, परंतु जरब ऐसी की कुकरदेखील त्यांनी वळून पाहिल्यावरच शिटी देई. चिरंजीव भास्करराव थर्माकोलचा ज्वालामुखी उभारण्याचा मनसुबा करोन आले, आणि रंग, पुठ्ठे, कात्र्या पसरोन दिवाणखाना काबीज केला, आणि कन्येस म्हणाले, "तू फक्त हात लावू नकोस." तेव्हा मातोश्री बोलत्या जाहल्या, "प्रयोग पोरीचा की तुझा? आणि ज्वालामुखी पाहिलाय कुणी आपल्यात? दही रोजचं आहे, ते मांडा." भास्कररावांनी तलवार म्यान केली. मग रेवतीबाईंनी बेत आखिला की दोन वाट्या घ्याव्या, दोहींत कोमट दूध, एकीत विरजण घालावे, दुसरीत घालू नये, म्हणजे दुसरीतले दूध दूधच राहील आणि विरजणावाचून दही नाही हे सिद्ध होईल. मातोश्री म्हणाल्या, "उभा जन्म दही लावलंय, तू बस बाजूला." आणि स्वहस्ते सर्व सिद्धता करोन वाट्या शालीत गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेविल्या.

प्रातःकाळी झाकणे काढिली तो दोहींकडे दही. दुसरे जरा सैल, पण दहीच. प्रदर्शन परवावर आलेले, आणि प्रयोग बुडाला. मातोश्रींनी प्रथम दूधवाल्यास दोषी ठरविले, मग वाटीस, मग सूनबाईंस, ज्या आठवडाभर माहेरी होत्या. भास्करराव हळूच म्हणाले, "दुसऱ्या वाटीत ताजं दूध ओतू, कोण बघतंय." परंतु रेवतीबाई विचारत्या जाहल्या, "आजी, विरजण कशानं ढवळलंस?"

"बोटानं. आमच्यात चमचा लागत नाही."

"आणि दुसरं दूध कोमट आहे का, ते कशानं पाहिलंस?"

"बोटानंच. मग काय, कानानं पाहू?"

"त्याच बोटानं?"

मातोश्रींनी बोट पदराआड घेतले. राज्यात ऐसे पूर्वी घडले नव्हते.

"म्हणजे त्या बोटानंच दही लागलं. परत करू. पण आता आधी साबणानं हात धू."

हा शब्द कानी पडताच भास्करराव खिडकीबाहेर पाहू लागले. अवघ्या घरास ज्यांनी हात धुवावयास शिकविले, त्यांस हात धू म्हणणारे तोंड अद्याप जन्मले नव्हते.

"माझे हात घाणेरडे?"

"घाणेरडे नाहीत गं. विरजणाचे आहेत."

"आणि हे तू शाळेत सांगणार? पमाबाईच्या देखत?" ह्या शेजारच्या पमाबाई, ज्या मातोश्रींच्या दह्यास वीस वर्षे आंबट म्हणत आल्या, आणि ज्यांची नात त्याच वर्गात.

"सांगणार. नाहीतर वाटी खोटी होईल."

तो स्वर कोणाकडून आला हे मातोश्रींस पुसावे लागले नाही. त्या उठोन मोरीत गेल्या आणि साबण हाती घेतला, आणि "बघ नीट, कोपरापर्यंत धुतेय" ऐसे सुनावोन धुतले.

मग प्रदर्शनी तीन वाट्या मांडिल्या. पहिलीपुढे लिहिले, विरजण घातलेले. दुसरीपुढे, आजीचे विरजणाचे बोट बुडवलेले. तिसरीपुढे, तेच बोट धुऊन बुडवलेले. आणि तिसरीत दूध जैसे होते तैसे. परीक्षक वाकोन पाहते जाहले आणि म्हणाले, "हे बोट कुणाचं?" भास्कररावांनी चष्मा पुसावयास घेतला. पमाबाई चार पावले पुढे सरकल्या. तेव्हा मातोश्रींनी पदर सावरोन भर दरबारी तर्जनी उभी केली आणि म्हणाल्या, "हे. कसं ते पोरीला विचारा. मी शिकवलेलं नाही."

पहिला क्रमांक कोणा एका बापाच्या ज्वालामुखीस गेला, रेवतीबाईंस दुसरा मिळाला, आणि परीक्षकांस दही पचत नसावे ऐसा मातोश्रींनी निवाडा दिला.

येणेप्रमाणे दह्याची मोहीम फत्ते जाहली. तेव्हापासून मातोश्री विरजणाआधी साबणाने हात धुतात, मात्र कोणी पाहत नाही ऐसे पाहून. आणि मोरीत नळ वाजला की राजकन्या पाठ फिरवून बसतात. घडले तितके लिहिले.