फोडांना अहो-जाहो

शिरूरला आमच्या शेजारी साळवे डॉक्टर राहायचा. माणसांना अरे-तुरे आणि रोगांना अहो-जाहो करणारा असा दुसरा मी पाहिला नाही. मामलेदार आला तरी, "बस रे तिथं, गप." आणि त्याचाच बेडका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला की आवाज मऊ. "या, या. लपता कशाला? उजेडात बसा."

डोकं फिरलंय, असं सगळी आळी म्हणायची. मीही म्हणायचे.

माझ्या सुमनच्या अंगावर फोड उठले तेव्हा देवीची साथ होती. सासूबाईंनी उशाशी कडुनिंब ठेवला, घरातली फोडणी बंद केली, कवठ्याच्या येमाईला नवस बोलल्या. लस टोचणारा सरकारी माणूस दारातूनच म्हणाला, "देवीच हायेत. उद्या पोरीला गावाबाहेरच्या खोपटात हलवायची." त्या खोपटातून परत आलेलं पोर मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर पातं घेऊन आत शिरला. सुमनचा फोड उघडला आणि त्याचा तळ चक्क खरवडला!

सासूबाई किंचाळल्या, "आरं मुडद्या, आईच्या अंगाला पातं लावतोस? तुझ्या येशूला असा खरवडशील का?"

डॉक्टरने हात जोडले. सासूबाईंना नव्हे, फोडाला. "माफ करा बाई. जरा काचेवर उतरता का?"

काचेवर त्याला पेशी एकमेकींत मिसळून फुगलेल्या दिसल्या. "देवीत पेशी अशा मिसळत न्हाईत. कांजिण्या हायेत," म्हणाला. सरकारी माणूस ऐकेना. तेव्हा पुण्यात विजेवर चालणारी, माणसाहून उंच सूक्ष्मदर्शक दुर्बीण आली होती. डॉक्टरने फोडातलं पाणी तिकडे धाडलं.

"ती पेशीवर थांबत न्हाई, आतला विषाणूच दाखवती. उत्तर येईस्तवर पोरगी माझ्या घरात ऱ्हाईल," असं म्हणून त्याने सुमनला उचललंच. मी मागोमाग पळाले. आतून कडी घालून तो दाराला पाठ लावून बसला.

पुण्याहून फोटो आला. देवीचा विषाणू विटेसारखा असतो म्हणे. हा गोल, भोवती पापुद्रा. कांजिण्याच. सासूबाईंनी येमाईला नारळ वाढवला. दुर्बिणीला कुणी वाढवला नाही.

घरी निघताना मी विचारलं, "डॉक्टर, ह्या मेल्यांना अहो कशापायी म्हणता?"

तो काच पुसत राहिला.

"माझी पोरगी रूथ त्याच खोपटात गेली. देवी होत्या का कांजिण्या, कुणी बघितलंच न्हाई. आधी लई शिव्या दिल्या गं ह्यांना. तिला कुणी नेलं, ते एकानंबी सांगितलं न्हाई. मंग अहो म्हणाय लागलो."