झेंडूखाली मावणारा कॉम्प्युटर

आमच्या समोरच्या दारातले पेडणेकर काका कुठलाही कॉम्प्युटर आधी उचलून बघतात. चालू करायचं नंतर. माझा लॅपटॉप पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कलिंगड घेताना बघतात तसा जरा खालीवर केला आणि म्हणाले, "अगं मेधा, आत सगळं घातलंय ना यांनी? हाताला काही लागत नाही."

'हाताला काही लागलं पाहिजे' हे काकांचं ब्रह्मवाक्य. सगळी नोकरी डोंबिवलीच्या एका कारखान्यात, वजनकाट्यावर. गेटातून शिरणारा ट्रक नुसता बघून आपण माल किती ते ओळखायचो, असं ते स्वतःच सांगतात, त्यामुळे खरं मानायचं. पापलेट असो की लग्नपत्रिका, ते आधी हातावर तोलून बघणार.

त्यांचा जुना कॉम्प्युटर म्हणजे ठाकुर्लीच्या त्यांच्या दोन खोल्यांतला जावई होता. त्याच्यासाठी खास टेबल, त्याच्या डोक्यावर घरातला एकमेव नवा पंखा. मॉनिटरच्या पाठीला जागा व्हावी म्हणून काकांनी सोफा विकला होता. आणि या सगळ्या थाटावर काकूंनी शिवलेलं, निळ्या फुलांचं, झालर लावलेलं कव्हर. माप घेताना काकूंनी काकांना टेपचं टोक धरून उभं केलं होतं आणि ते हलले म्हणून दोनदा रागावल्या होत्या. काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काका रोज संध्याकाळी कव्हर घालायचे, चारही कोपरे ओढून.

गेल्या वर्षी ठाण्याला राहणारी त्यांची लेक शिल्पा नवा कॉम्प्युटर घेऊन आली. पर्समधून. तिने तो टेबलावर ठेवला, तरी काका बाकीचा कोण आणतंय म्हणून दाराकडेच बघत होते.

"बाबा, एवढाच असतो. टीव्हीला जोडायचा."

"यात माझी सुपारीसुद्धा मावायची नाही."

"अहो, जुन्यापेक्षा कितीतरी फास्ट आहे."

"उंदीरही फास्टच असतो."

पण जुना बंदच पडला होता, त्यामुळे इलाज नव्हता. तो न्यायला भंगारवाल्याला जोडीदार बोलवावा लागला, हे काका अजून अभिमानाने सांगतात. कव्हर तेवढं त्यांनी काढून घेतलं आणि घडी करून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

मग दसरा आला. काका दरवर्षी कॉम्प्युटरची पूजा करतात. जुन्याला घसघशीत हार लागायचा, याला हार घालणार कुठे? शेवटी वायरी काढून त्याला पाटावर बसवलं. खाली आसन म्हणून काकूंचं कव्हर अंथरलं. हळदकुंकू झालं, चार झेंडूची फुलं आणि मूठभर आपट्याची पानं वाहिली आणि देव दिसेनासा झाला. काकांनी अंदाजाने नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघते तर काका, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायांत दोन वेगळ्या चपला.

"मेधा, गेलं गं. निर्माल्यात गेलं."

फुलं सांडू नयेत म्हणून त्यांनी कव्हराचीच मोट बांधली होती. फिरायला जाताना ती बरोबर घेतली आणि तलावाकाठच्या निर्माल्य कलशात रिकामी करायच्या ऐवजी सवयीने गाठोडंच्या गाठोडं सोडून आले. घरी येऊन रिकामं टेबल बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"जन्मभर काट्यावर बसलात आणि गाठोड्यात कॉम्प्युटर आहे हे कळलं नाही?" मी रिक्षात बसता बसता म्हटलं. एरवी या वाक्यावर त्यांनी नव्या यंत्रांची सालटी काढली असती. आज ते फक्त रिक्षावाल्याला "जरा दाबून घे रे" एवढंच म्हणत राहिले.

कलशात अख्ख्या ठाकुर्लीचा दसरा भरला होता. आम्ही दोघांनी कोपरापर्यंत हात घातले. गाठोड्याची गाठ सुटली असणार, कारण झेंडूच्या लगद्यातून माझ्या हाताला एक गार, चौकोनी डबी लागली. मी ती ओढणीने पुसली आणि गड जिंकल्यासारखी वर धरली.

"मिळाला, काका."

काकांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"तो ठेव बाजूला. कव्हर बघ."

मग मीही कव्हर शोधायला लागले. ते पार तळाशी होतं, हळदीने पिवळं झालेलं, झालर एका बाजूने उसवलेली. काकांनी ते झटकलं, उलटसुलट करून बघितलं आणि ओलंच पोटाशी धरलं. शर्टाची इस्त्री गेली. मी उगाचच कॉम्प्युटर पुन्हा पुसत बसले.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "शिल्पाला कॉम्प्युटरचं सांग. ओरडेल, ओरडू दे. कव्हरचं बोलू नकोस. आईच्या हातचं एवढंच उरलंय, पोरीला सहन व्हायचं नाही."

संध्याकाळी शिल्पाने फोनवर काकांना चांगलंच फैलावर घेतलं. तिचा आवाज माझ्या दारापर्यंत येत होता. "हो गं, चुकलंच माझं," असं म्हणत काका गॅलरीत उभे होते आणि मोकळ्या हाताने दोरीवरच्या कव्हराची झालर सुकली का ते पुन्हा पुन्हा बघत होते.