केनियाच्या वाटेवर पोतंभर कांदे

"केनियाच काय, मला चंद्रावर सोडलं तरी मी तिथे चर्चची मंडळी उभी करीन!" पाळक दीपकने आरशात कॉलर ताठ करत जाहीर केलं.

ती कॉलर त्याच्या बायकोने, नूतनने इस्त्री केली होती. तिच्या कडेवर नऊ महिन्यांची मयुरी होती. खाली दोन इवले दात येत होते, त्यामुळे आईचा खांदा ती उसाच्या कांडक्यासारखा चघळत होती. मंडळीतल्या पुढाऱ्यांना परदेशातल्या सेवेसाठी तयार करणारा सहा महिन्यांचा वर्ग, त्यातल्या दीपकच्या सगळ्या वह्या नूतनने लिहिलेल्या. स्वाहिली तर ती मयुरीला पाजता पाजता शिकली. दीपकची गाडी दहापर्यंतच्या आकड्यांतच रुतलेली!

केनियासाठी जागा एकच होती. नूतननेही वर्गात नाव घालायचं म्हटलं, तेव्हा वर्गप्रमुख मुकुंदसर हसले होते. "ताई, हा वर्ग पुढाऱ्यांचा. तुम्ही चहाचं बघा."

सुरतेच्या डिंडोलीतली संडेस्कूल, बायकांची प्रार्थना, गायनवृंद, सगळं चालवणारी बाई पुढारी नव्हे! नूतन त्या दिवसापासून धुमसत होती.

आज शेवटची परीक्षा. उमेदवाराने भाषा न कळणाऱ्या घरात दिवस काढायचा. आपण कोण ते सांगायचं नाही, सांगितलेलं काम नाकारायचं नाही. दीपकला कडोदऱ्याच्या चाळीतलं एक ओडिया घर मिळालं होतं.

"अहो, खोली नंबर तरी लिहून घ्या."

"मिशनरी माणसाला पत्ते लागत नसतात!" म्हणत तो गेलासुद्धा.

साडेअकराला मुकुंदसरांचा फोन. "नूतनताई, पाळकसाहेब पोचलेच नाहीत! ते लोक सकाळपासून वाट बघताहेत!"

हायवेवरचे ट्रक नूतनच्या डोळ्यांपुढे धावू लागले. पोरीला छातीशी धरून तिने रिक्षा केली आणि कडोदऱ्याच्या चाळीत दारोदार फोटो दाखवत सुटली. "बेन, आ भाईने जोया?"

एकीने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं.

वर, भलत्याच घरात, बारशाची धांदल होती. आणि मधोमध पोतंभर कांद्यांपुढे पाळकसाहेब मांडी ठोकून! पुढ्यात विळी, डोळ्यांतून गंगा-यमुना, शेजारी धुतलेल्या लंगोटांची दोरी. आचाऱ्याचा मदतनीस येणार म्हणून घरचे खोळंबले होते. हा हात जोडून दारात उभा राहिला आणि त्यांनी त्याला कामाला जुंपलं!

"नूतन!" दीपक उजळला. "बघ, मी किती रुळलो! लंगोटही मीच धुतले!"

झालं! जीव भांड्यात पडायच्या आत भांडंच फुटलं. 'अहो' कुठल्या कुठे उडालं आणि माहेरची अहिराणी तोफेसारखी सुटली. "घरमा एक कांदा नई सोला तू! आनी आठे पोतंभर?" सहा महिन्यांच्या वह्या, इस्त्रीचे शर्ट, चहाचे कप, सगळं निघालं. मागून धापा टाकत मुकुंदसर आले, तर दोन तोफगोळे त्यांनाही बसले. बारसं थिजलं. मयुरीने तेवढ्यात आईचा खांदा सोडून तिची वेणी चघळायला घेतली.

घरातली आजी उठली. तिने मयुरीला हळूच घेतलं, नूतनला पाटावर बसवलं, पुढे पाणी ठेवलं आणि जावयाला काहीतरी सांगितलं.

जावई सरांकडे वळला. "माँ बोलती है, एक शब्द समझ में नहीं आया, पर इसने सब सही बोला। और इस आदमी ने प्याज बहुत मोटा काटा।"

परभाषेच्या घरात, एका दमात, सगळं पटवून देणारा उमेदवार सरांच्या वर्गात आजवर निघाला नव्हता. त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला आणि उमेदवाराच्या जागी 'नूतन' लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी पेन अडलं. तिथे छापलं होतं, 'पत्नीचे नाव'.

"दीपक लिहा," नूतन म्हणाली.

पाळकसाहेबांनी नाक ओढत मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच आहे, असं त्यांचं आजही म्हणणं आहे!