कवीची खुर्ची

"या नाटकात चुकायला जागाच नाही!" शिरूरच्या सभागृहात अंजनाबाईंनी दहाव्यांदा सांगितलं. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी त्यांचं मुलांना शिकवणं सुटलं नव्हतं. एकदा आठवीतल्या प्राचीनं विचारलं होतं, "बाई, कवीच्या कविता पाठ झाल्या. पण ते लिहीत बसायचे तवा भाकरी कोण थापायचं?"

त्या एका प्रश्नातून बाईंनी नाटक लिहून काढलं. कवीची आई, बायको आणि लेक! कवी मात्र दिसणारच नाही. मधोमध त्याची रिकामी खुर्ची, तिच्यावर शाल. तिघी तिच्याशीच बोलणार. आज स्पर्धेत निवड झाली, की पुढचा प्रयोग दौंडला! पोरींनी बॅगा आधीच भरून ठेवल्या होत्या.

पडदा उघडला. आई झालेली तहमीना झकास बोलून गेली. तेवढ्यात गावचे पुढारी बापूसाहेब उगवले, नेहमीसारखे उशिरा. गावात कार्यक्रम कोणताही असो, बापूसाहेबांची जागा व्यासपीठावर, हे त्यांच्या पायांनाही पाठ! पाय आपोआप पायऱ्या चढले. समोर एकच खुर्ची रिकामी, वर शालही तयार! ती त्यांनी स्वतःच पांघरली, लोकांना नमस्कार केला आणि बसले.

विंगेत बाईंचा चेहरा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा झाला.

कवीची बायको झालेली प्राची आत आली, दचकली. पण पाठांतर पक्कं होतं. "वीस वर्षं झाली लग्नाला. चंद्रावर लिहिलंत, चाफ्यावर लिहिलंत. माझ्या आवडीची भाजी कोणती, ठाऊक आहे?"

इथं खुर्ची गप्प राहायची होती. पण व्यासपीठावर आलेला प्रश्न बापूसाहेबांनी आजवर कधी सोडला होता?

"हे बघा ताई," ते खाकरले, "तुमच्या प्रश्नाची दखल घेतली जाईल."

"दखल नको, भाजी सांगा!"

सभागृह खदखदून हसलं. बापूसाहेबांची नजर पहिल्या रांगेतल्या बायकोकडे गेली. "मेथी?"

"मेथी तुमच्या आईला आवडायची!" कुशाबाई तिथूनच कडाडल्या.

"मग गवार?"

"ती तुम्हाला!"

"दोडका?"

आता बायकाच मागून ओरडायला लागल्या, "हरला, हरला!" शेवटी कुशाबाई वर चढल्या आणि नवऱ्याचा दंड धरला. "उठा आता. ती पोर कवाची ताटकळलीय."

लेकीचा प्रवेश कसाबसा उरकला. दौंड गेलं, असं म्हणत बाई विंगेत सामान आवरू लागल्या. पण परीक्षक भारावले होते. "कवीला गप्प न ठेवता घाम फुटलेला नवरा दाखवलात! काय नैसर्गिक अभिनय! निवड पक्की. दौंडला हाच संच आणा, एकही माणूस बदलू नका."

दुसऱ्या दिवशी बाई बापूसाहेबांच्या दारात.

"येतो की बाई! पण खरं उत्तर तेवढं सांगून ठिवा. घरात इचारलं तर ही सांगंना; म्हणती, तुमचं तुम्ही हुडका."

"त्यात काय! नाटकात असेलच," म्हणत बाईंनी ऐटीत नाटकाची वही उघडली. पानं पुढं उलटली, मागं उलटली.

कवीच्या आवडीची भाजी चार ठिकाणी लिहिली होती. बायकोच्या आवडीची कुठंच नव्हती!