आकाशगंगेचा निवाडा

"पुण्यात काय, चंद्रावर गेला तरी सुनील दर रविवारी मले फोन करीन! नाई केला तर नावाचा राजदीप नाई!"

अशी प्रतिज्ञा राजदीपनं शनिवारी अमरसमोर केली. घाटंजीजवळच्या एका बंजारा तांड्यात, सुनीलच्या ओसरीवर, गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी हे चौघे एक खेळ खेळत. खेळ सन बारा हजारातला. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे टाकायचे आणि बाकी सगळं तोंडानं! सुनील अवकाशजहाजाचा कप्तान, त्याची धाकटी बहीण ममता इंजिन सांभाळणारी, आणि अमर यंत्रमानव. राजदीप सूत्रधार, म्हणजे उरलेलं सगळं ब्रह्मांड. चाचे बोलले की राजदीप बोलणार, बादशहा गरजला की राजदीप गरजणार, दोन सूर्य आदळले तरी 'धडाम' राजदीपनंच म्हणायचं.

पण सुनीलला पुण्यात नोकरी लागली. रविवारी संध्याकाळची ट्रॅव्हल्स. सुनील गेला की खेळ गेला, आणि खेळ गेला की राजदीपला उरणार काय? वडिलांचं कृषी केंद्र आणि दिवसभर फवारणीच्या बाटल्या! या विचारानं त्याला घास गोड लागेना. म्हणून त्यानं चाळीस पानं लिहून बेत रचला: शेवटच्या डावात असा पेच टाकायचा की जहाज चाच्यांच्या हाती, ममता फितूर, आणि नेमकं तिथंच थांबायचं! मग पुढं काय झालं हे विचारायला सुनील झक मारत फोन करील.

रविवारी दुपारी पेच पडला. जरा जास्तच पडला.

"तू जहाज इकलं? सख्ख्या भावाचं जहाज?" सुनील कडाडला.

"मंग काय करू? दोन वर्षं झाले, तू मले इंजिनाखालीच ठिवलं!" ममता रडकुंडीला आली.

"तुयामुळं पन्नास मानसं मेले, ममता! पन्नास!"

आत सुनीलची आई धनीबाई त्याच्या शिदोरीच्या पोळ्या लाटत होती. पोरगा आज घर सोडणार, आणि आजच बहीण-भावात असं? जहाजाचं तिला काही कळलं नाही, पण पन्नास माणसं मेली हे मात्र नीट कळलं! लाटणं टाकून ती मागच्या दारानं थेट नायकांकडे धावली.

तांड्यात भांडण झालं की नायकानं बैठक बसवायची आणि ते मिटवायचं, ही जुनी रीत. नायक किसनसिंगांची तर ख्यातीच अशी, की त्यांनी मिटवलेलं भांडण पुन्हा उगवत नाही. पाच मिनिटांत ते ओसरीवर हजर. मागे धनीबाई, शेजारचे उत्तमसिंग आणि अर्धा तांडा.

"बापू, हा खेळ हाये," राजदीप घाईघाईनं म्हणाला. "खोटा खोटा!"

"खेळ हाये थे समजलं," नायक बाजेवर बसत म्हणाले. "पन पोरीच्या डोयातलं पानी तं खरं हाये ना? सांगा, पयल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे दोन वर्षं! पण सुनील सुरू झाला, ममतानं मध्येच तोंड घातलं, आणि साक्षीला अमर उभा राहिला. "मी-खोटं-बोलू-शकत-नाही," असं तो यंत्रमानवाच्या आवाजात म्हणाला, तेव्हा उत्तमसिंगांनी मान डोलावली. "असा साक्षीदार हयातीत नाई पाह्यला!"

"जहाज घेतलं कोनं?" नायकांनी विचारलं.

"चाच्यायनं," सुनील म्हणाला.

"बलवा त्यायले."

राजदीप चुळबुळला. "त्यायच्याकडून मीच बोलतो, बापू."

"बरं. अन् त्यायचा बादशहा?"

"त्याच्याकडूनबी मीच."

"अन् ममताले जहाज इकाची अक्कल कोनं देल्ली?"

ममतानं मुकाट्यानं राजदीपकडे बोट केलं. सगळा तांडा त्याच्याकडे पाहू लागला.

"म्हंजे लुटनारा तू, लुटाले लावनारा तू, अन् बसून मजा पाह्यनाराबी तूच!" नायक म्हणाले. "उभा राह्य."

ज्या बादशहापुढं नऊ ग्रह चळाचळा कापत, तो हात जोडून ओसरीच्या खांबाजवळ उभा राहिला!

मग नायकांनी निवाडा केला. चाच्यांनी जहाज परत करायचं. ममतानं माफी मागायची आणि सुनीलनं तिला इंजिनाखालून काढून शेजारच्या खुर्चीवर बसवायचं. मेलेल्यांच्या पन्नास घरांना बादशहानं एकेक ग्रह द्यायचा.

"एवढे ग्रह नाईत, बापू!"

"मंग बनव! बनवनारा तूच ना?"

राजदीपनं शेवटचा प्रयत्न केला. "पन जहाजाच्या मागं एक मोठ्ठं कृष्णविवर हाये. थे आता सगळ्यायले गिळनार..."

"कोनाच्या ताब्यात हाये थे?"

"मायाच," राजदीप पुटपुटला.

"बुजव."

कृष्णविवर बुजलं! राजदीपला अक्षरशः रडू यायला लागलं. चाळीस पानांतला एकेक पेच डोळ्यांदेखत सुटत होता, आणि त्याला 'हो बापू' म्हणण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. नको होता त्याला न्याय! त्याला भांडण हवं होतं, अर्धवट, चिघळलेलं, पुण्यापर्यंत पुरणारं! पण भांडण मिटल्याचा गूळ वाटला गेला, ममता भावाच्या गळ्यात पडली, धनीबाईनं पदरानं डोळे पुसले, आणि राजदीपच्या हातातही कोणीतरी गुळाचा खडा ठेवला.

संध्याकाळी घाटंजीच्या स्टँडबाहेर सुनीलचा चेहरा उजळला होता.

"लय बरं झालं बे! खेळ अर्धाच टाकून जा लागते म्हनून जीव टांगनीले लागला होता माया. आता कसं मोकळं वाटून राह्यलं!"

राजदीपनं शिदोरीची पिशवी त्याच्या हातात दिली. "मंग... रविवारी फोन करशीन ना?"

"कायले बे? मिटलं ना आता सगळं!"

एवढं म्हणून तो गाडीत चढला. राजदीपनं शहाण्यासारखी मान डोलावली. साऱ्या ब्रह्मांडाचे आवाज काढणाऱ्या त्या माणसाला 'तुयाबिगर मले करमनार नाई बे' एवढं स्वतःच्या आवाजात म्हणता आलं नाही!